कादरभाईंचा चुंबक

ये गं रेवा, अशी जवळ सरकून बस. समोर नाहीस हे ठाऊक आहे मला, तरी बस. पुण्याहून मैत्रिणी घेऊन वेरूळ बघायला येतेस, परत जाताना छावणीजवळच्या विमानापाशी उतरतेस, पंखाला टेकून फोटो काढतेस, तो मला पाठवतेस, वर 'आज्जी, तुमच्याकडचं विमान बघ किती भारी!' असं लिहितेस. आणि तिथून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या म्हाताऱ्या आज्जीच्या उंबऱ्याला पाय लावत नाहीस? धपाटे करून वाढले नसते का मी? तुझी आई, माझी भाची, अशी नव्हती हो. ती एसटीतून उतरली की आधी माझ्याकडं, मग जगाकडं.

असो. फोटो मी बोटांनी ताणून मोठा करून पाहिला. तुझा हात पंखावर बरोबर ज्या जागी टेकला आहे ना, त्याच जागी हात ठेवून एक माणूस कायमचा गप झाला. तिथल्या संगमरवरी पाटीवर त्याचं नाव नाही, त्यामुळं तुला कळायचं काही कारण नव्हतं. म्हणून सांगते. ऐक.

त्यांचं नाव कादरभाई. सगळा जन्म हवाई दलात विमानांची अंगं दुरुस्त करण्यात गेला. पेन्शन घेऊन छावणीत परतले, बायको वारली, मुलगा आखातात गेला, घरात सून नसरीन आणि हे. आमची ओळख कशी झाली सांगू? एके सकाळी दारात उभे राहिले. सलाम नाही, नमस्कार नाही. अंगणात दोरीवर माझी गोधडी वाळत होती, ती सरळ उलटी करून बघायला लागले. मी आतून ओरडले, "कोण हाय ते? दुसऱ्याच्या कपड्याला हात लावायला लाज नाय वाटत?"

तर म्हणतात कसे, "भाबी, गाठ हर टाक्याला मारता?"

"व्हय. एक टाका तुटला तर सगळी ओळ उसवू नये म्हणून."

"बस्स. चला मग. विमान शिवायचंय."

मला वाटलं डोक्यावर परिणाम झालेला माणूस. पण खरंच होतं ते. छावणीच्या कडेला एका जुन्या गोदामात शिकाऊ वैमानिकांचं, नाकावर पंखा असलेलं एक विमान धूळ खात पडलं होतं. छावणीजवळच्या बागेत संग्रहालय करायचं म्हणून एक समिती झाली होती आणि चार-पाच रिकामटेकडी म्हातारी माणसं ते विमान फुकटात नीट करत होती. अंग पत्र्याचं, पण शेपटाचं सुकाणू आणि पंखांच्या हलणाऱ्या फळ्या कापडाच्या. ते कापड आतल्या पट्ट्यांना शिवायचं, वाकड्या सुईनं, मेणाच्या दोऱ्यानं, हर टाक्याला गाठ मारून. वरून उग्र वासाचं एक वार्निश लावायचं. ते वाळलं की कापड हलगीसारखं ताठ व्हायचं. कादरभाई त्यावर टिचकी मारायचे. वाजलं तर पुढं जायचे. नाही वाजलं तर, "उसवा." बस, एवढंच. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात मला कधी भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट परत केलं नव्हतं, आणि हा परका माणूस माझी दिवसभराची शिलाई एका शब्दात परत करायचा.

गोड माणूस नव्हता गं तो. उगाच मेल्यावर साखर नाही लावणार मी. तोंड फटकळ. कुणाचं कौतुक करायचं तर जीभ जड व्हायची. वैमानिकाच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसू द्यायचे नाहीत, स्वतः मात्र दुपारी आत बसून बिडी ओढायचे आणि नसरीनला सांगायचे, "मी कुठं ओढतो?" कॉलेजातून निवृत्त झालेले पाठक सर आमच्यात होते. त्यांच्याशी तर रोज भांडण. सर म्हणाले पूर्व की कादरभाई म्हणणार पश्चिम. पण चहा दोघांचा एकाच बशीतून. सर नाही आले तर दहादा दाराकडं बघायचे आणि म्हणायचे, "आज बरं हाय, डोकं शांत हाय." मग काम मात्र होत नसे हातून.

त्यांचा एक रिवाज होता. भिंतीला लाकडी फळा टांगलेला. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली, पाना, पक्कड, हातोडी. हत्यार आकृतीवर टांगायचं. संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी दिसली तर गोदामाचं दार आतून बंद, आणि हत्यार सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. "सगळे पाने जाग्यावर हायत का बघा, मगच घरी जा," हे रोजचं वाक्य. विमानात विसरलेला एक पाना माणूस मारतो, असं ते म्हणायचे.

मी एकदा चिडून बोलले, "अहो, हे आता कुठं उडणार हाय? बागेत उभं राहायचंय त्याला."

तर माझ्याकडं बघून म्हणाले, "बेवा झाली म्हणून बाईनं आंघोळ करायची नाय काय?"

मी विधवा. समोर पाठक सर, आणखी दोघं. सगळे खाली बघायला लागले. मला आधी राग आला, मग काय झालं कुणास ठाऊक, हसू फुटलं. म्हटलं, "करते हो, रोज करते. तुम्ही तेवढी दाढी करत जा."

एकदा माझी वाकडी सुई हरवली. दार बंद. कादरभाईंनी खिशातून चुंबक काढला. जुन्या लाउडस्पीकरमधला गोल, जड चुंबक, कळकट सुतळीला बांधलेला. तो विमानाच्या पोटाखालून, फरशीवरून असा फिरवत गेले जसा एखादा मांत्रिक. सगळी म्हातारी गुडघ्यांवर. अंधार पडत आला. शेवटी चुंबक माझ्या जवळून गेला आणि माझ्याच पदराला चिकटला. सुई पदरात टोचलेली! "चोर पकडला," एवढंच म्हणाले. सगळे हसून हसून लोळले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाहिलं, तर पान्यांच्या शेजारी सुईएवढी एक वाकडी पांढरी रेघ काढलेली. माझ्या सुईची जागा. आख्ख्या आयुष्यात मला कुणी अशी जागा काढून दिली नव्हती, रेवा. घर होतं, चूल होती, पण ती काय माझी म्हणून कुणी रेघ मारली होती का?

त्या चुंबकाचा दुसराही उपयोग असायचा. विमानाचं अंग अल्युमिनमचं, त्याला चुंबक चिकटत नाही. कुणी घाईत लोखंडी पट्टी, लोखंडी खिळा मारला की कादरभाईंचा चुंबक टक् करून चहाडी करायचा. "विमानात लोखंड म्हंजे पाव्हणा," ते म्हणायचे, "जिथं बोलावलं तिथंच बसणार. घरभर फिरणार नाय." आणि जोडकामाबद्दल म्हणायचे, "जोडलंय ते पुन्हा खोलता आलं पायजे. ज्याला खोलता येत नाय, त्याला जोडलंय म्हणू नका. गाडलंय म्हणा."

आता पंखांचं ऐक, कारण सगळं तिथंच आहे.

पंख वेगळे काढून ठेवलेले होते. मुळाशी जाड बोल्ट लावून ते अंगाला जोडायचे. त्या बोल्टांना बसेल असा पाना बाजारात मिळेना, म्हणून कादरभाईंनी एक दांडा घासून घासून स्वतः पाना केला आणि त्याचीही आकृती फळ्यावर काढली. आता साधी गोष्ट बघ. गोदामाचं दार ट्रक निघेल एवढंच. पंख लावलेलं विमान त्यातून निघणार नाही, हे शेंबड्या पोराला कळेल. म्हणजे आधी विमान बाहेर न्यायचं, बागेत उभं करायचं, मग पंख लावायचे. असंच ठरलं होतं. आणि एक दिवस कादरभाई म्हणाले, "पंख आताच लावायचे. इथंच."

पाठक सर उडालेच. "कादर, वेड लागलंय काय? पुन्हा काढावे लागतील."

"काढू. खोलता येतंय म्हणून तर बोल्ट लावलेत. एक दिवसाचं काम. मला बोलवा, मी काढून देतो."

"पण कशासाठी?"

"मेरी मर्जी," म्हणाले आणि बिडी शोधायला लागले. बिडी समोर फळीवर होती. हात भलतीकडंच चाचपडत होता.

मला त्याच क्षणी कळलं. आदल्या आठवड्यात मी चहाचा पेला पुढं केला तर त्यांनी तो माझ्या शेजारच्या हवेतून घ्यायला हात नेला होता. सगळे बाहेर गेल्यावर मी विचारलं, "डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर?"

मग म्हणाले, "काचबिंदू. कडेकडेनं अंधार येतोय भाबी. आता तर बांगडीतून बघितल्यावाणी दिसतंय. ती बांगडी पण बारीक होत चाललीय. बागेतलं उद्घाटन कवा होईल, खुदा जाणे. ह्याला एक डाव पुरं बघायचंय मला. पंखासकट. सरांना नका सांगू, दया करतील."

मी काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "सर, लावू द्या की. तुमच्या खिशातलं काय जातंय?" आणि सर माझ्यावर चिडून का होईना, कबूल झाले.

पंख चढले. बोल्ट आवळले. प्रत्येक बोल्टाला बारीक तारेचा पीळ द्यायचा असतो, थरथरीनं सुटू नये म्हणून. कादरभाई डावखुरे, त्यांचा पीळ सगळ्यांच्या उलटा पडायचा. पीळ बघून सांगता येई, हे यांनी बांधलंय. तेही झालं. मग ते मागं सरकत सरकत दारापर्यंत गेले आणि पाठ टेकून उभे राहिले.

बाकी सगळे बघत होते विमानाकडं. मी बघत होते त्यांच्याकडं. त्यांना ते एकदम दिसतच नव्हतं गं. बांगडीएवढ्या भोकातून कसं मावणार? डाव्या पंखाच्या टोकावर नजर लावायचे, मग मान हळूहळू फिरवत अंगावरून, पंख्यावरून उजव्या टोकापर्यंत. पुन्हा परत. जशी आपण लांब साडी हातभर हातभर उलगडत बघतो. तुकडे-तुकडे बघून मनात जोडत होते ते. शेवटी म्हणाले, "हौ. आहे पुरं."

त्यानंतर काही महिन्यांत ती बांगडीही मिटली. गोदामात येणं थांबलं. काम संपलंच होतं. विमान आपलं पंख पसरून आत उभं, आणि समितीला कुणी मोठा पाहुणा मिळेना.

मग मिळाला, आणि मिळाला तो असा की सगळ्यांची धावपळ. पाहुण्याला चार दिवसांनी वेळ आहे, नंतर नाही. मी त्या वेळी गंगापूरला, भावाच्या घराची वास्तुशांत होती. उद्घाटनाच्या सकाळी जीपमध्ये बसून परत आले आणि तशीच कादरभाईंकडं गेले. हवाई दलाचा निळा कोट चढवून, पदकं लावून, खाटेवर ताठ बसले होते. तोंडावर अशी खुशी, मी कधी पाहिली नव्हती.

"भाबी, मला बोलावलंच नाय त्यांनी पंख काढायला. मी रागावलो व्हतो. पण पाठक सरांचा फोन आला. म्हणाले, मिस्त्री हुशार मिळाला, तुमचाच पाना वापरून पंख काढले, तिथं नेऊन पुन्हा लावले." मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा! पाना कुणाच्या पण हातात चालला. काम असं पायजे. आपण नसलो तरी चाललं पायजे."

नसरीननं आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून नेलं. मांडव, रंगीत फुगे, ढोल. विमान उन्हात लखलखत होतं, ते खोटं कशाला बोलू. पाहुणा यायचा होता. कादरभाई म्हणाले, "मला मुळापाशी न्या. बोल्ट बघायचेत."

पंखाच्या मुळाशी एक छोटं झाकण असतं. ते त्यांनी चाचपून उघडलं आणि आत बोटं घातली. गालात हसले. "तार माझीच हाय. उलटा पीळ." आणि मग ते हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांवरची कातडी आखडली. "माझीच तार?" बोल्ट खोलायचा तर तार तोडावीच लागते, रेवा. तार शाबूत म्हणजे बोल्टांना कुणी हातच लावला नव्हता.

"मग पंख निघाले कसे?"

त्यांनी तळहात पंखावर ठेवला आणि मुळाकडून टोकाकडं सरकवत नेला. हातभर अंतरावर हात थांबला. तिथं रंगाखाली एक फुगवटा होता, पोळीला घडी पडावी तसा. दिसायला काही नाही. हाताला लागायचा. त्यांनी कोटाच्या खिशातून तो चुंबक काढला. पदकांच्या कोटातही चुंबक घेऊन आला होता तो माणूस! सुतळी बोटाला गुंडाळली आणि चुंबक पंखावर धरला.

टक्.

थोडा पुढं. टक्. पंखाच्या रुंदीभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. टक्, टक्, टक्. ग्राइंडरनं पंख कापले होते, भाजी चिरावी तसे. बागेत नेऊन आतून-बाहेरून लोखंडी पट्ट्या ठोकल्या, वरून पुट्टी, वरून रंग. दुसरा पंख बघायची गरज उरली नव्हती.

"लोखंड हाय, भाबी," एवढंच म्हणाले. मला नाही, जसे स्वतःला सांगत होते. नसरीन रडायला लागली, तर तिला म्हणाले, "रो मत. लोग देखरे."

तेवढ्यात समितीचे सचिव जोगदंड आले आणि हाताला धरून त्यांना मांडवात घेऊन गेले. शाल, नारळ, टाळ्या. पाहुणा बोलला, आपल्या अंध बांधवानं वगैरे वगैरे. मग कुणीतरी माईक कादरभाईंच्या तोंडापुढं धरला. मला वाटलं, आता फुटणार हा माणूस. सगळं काढणार. काढायलाच पाहिजे होतं. त्यांनी माईक चाचपून धरला. मग म्हणाले, "सगळे पाने जाग्यावर हायत का बघा, मगच घरी जा."

लोक हसले. खूप टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यानं विनोद केला म्हणून. पाठक सर तेवढे टाळी न वाजवता खाली बघत होते.

मी मांडवातून तशीच गोदामात गेले. कुलूप काढलेलंच होतं, आत काही ठेवायला उरलं नव्हतं. फळा भिंतीवर होता. पंखांचा तो पाना आपल्या आकृतीवर नीट टांगलेला, वर धुळीचा थर. बोट फिरवलं तर रेघ उमटली. कुणी काढलाच नव्हता तो. हाकेच्या अंतरावर माणूस राहत होता, भिंतीवर पाना होता, आणि एका दिवसाचं काम होतं.

संध्याकाळी पाठक सरांना मी रस्त्यात गाठलं. ते म्हणाले, "सुमनबाई, तारीख ठरली होती. जोगदंड म्हणाले, आंधळा माणूस काय बोल्ट काढणार? मला तरी काय करता आलं असतं? वाईट वाटू नये म्हणून तसं सांगितलं मी. आणि त्यांना कुठं दिसणार होतं?"

मी म्हटलं, "सर, त्यांना नव्हतं दिसणार. तुम्हाला दिसत होतं ना?"

त्यावर ते चालू लागले. पुढं संगमरवरी पाटी लागली. त्यावर पाहुणा आहे, समिती आहे, मार्गदर्शक म्हणून पाठक सर आहेत. कादरभाईंचं नाव जागा पुरली नाही म्हणून राहिलं, असं जोगदंड म्हणाले. मी शिवलेलं सुकाणूचं कापड पहिल्याच उन्हाळ्यात फाटलं, कारण छप्पर घालतो म्हणाले ते कुणी घातलंच नाही. त्या जागी आता जाहिरातीचं फ्लेक्स ताणून वर रंग दिलाय. टिचकी मारून बघ, वाजत नाही.

पाठक सर नंतर कादरभाईंकडं गेले होते, मी तिथंच होते. कादरभाईंनी त्यांना खाटेवर बसवलं, चहा मागवला, मुलाबाळांची चौकशी केली. सर जे म्हणतील त्याला "बराबर हाय, सर." ऊन फार आहे म्हणाले, बराबर हाय. यंदा कापूस बरा आहे म्हणाले, बराबर हाय. ज्या माणसानं सरांचं आयुष्यात एकदाही खरं मानलं नाही, तो मान डोलावत होता. चहा दोन कपांत आला. सर गेल्यावर मी नसरीनला बाहेर म्हटलं, "आता फार दिवस नाय गं हे." भांडण सोडलं की माणूस संपला समज.

त्या थंडीतच गेले. जनाजा विमानाजवळच्या रस्त्यानंच गेला, दुसरा रस्ता नाही. तिथं कुणाचं तरी लग्नाआधीचं शूटिंग चाललं होतं, नवरी पंखाला टेकून उभी. शूटिंगवाल्यांनी थांबवलं नाही. त्यांचा तरी काय दोष? तुझा तरी काय?

नसरीननं चाळिसाव्या दिवशी मला बोलावलं आणि चुंबक हातात दिला. सुतळी तीच. "अब्बा बोले थे, भाबी को देना. सुई उनकी गुम होती." आता मला सुईत दोरा ओवता येत नाही, पण चुंबक डब्यात आहे, सुयांच्या. गोदाम पाडलं. तो फळा भंगारात गेला म्हणतात. माझ्या सुईची रेघही त्याच्याबरोबर.

तर रेवा, पुन्हा ये. लवकर ये, मीही काही कायमची बसलेली नाही इथं. या वेळी आधी माझ्या घरी, विमानाकडं मागून. धपाटे खा, दही खा. मग आपण दोघी जाऊ. फोटो काढू नकोस. तुझ्या हातात मी तो चुंबक देईन आणि जिथं तू टेकली होतीस तिथं धर म्हणेन. आवाज मला ऐकू येत नाही आता नीट. तू ऐक, आणि मला सांग.